आधी लग्न की आधी व्हिसा? के-१ आणि सीआर-१ यांत निवड करताना

के-१ हा नियोजित वधू-वरासाठीचा, तर सीआर-१ हा लग्न झालेल्या जोडीदारासाठीचा अमेरिकन व्हिसा. ही तुलना फक्त अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेल्यांसाठी आहे. जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर के-१चा प्रश्नच उद्भवत नाही. लग्न करून एफ२ए या ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसाठीच्या रांगेत उभं राहावं लागतं. नागरिकाला मात्र दोन वाटा मोकळ्या असतात. एक, आय-१२९एफ हा अर्ज भरून नियोजित वधू-वराला के-१वर बोलवायचं आणि तिकडे पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं. दुसरी, इकडे लग्न करून आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरायचा आणि सीआर-१वर थेट कायमचे रहिवासी म्हणून उतरायचं. आमच्या घरी दुसरी वाट धरली, त्यामुळे तराजू थोडा तिकडे झुकेल, हे धरूनच वाचा.

के-१कडे लोक वळतात ते लवकर एकत्र येता येईल म्हणून. लग्नाचा मुहूर्त आणि नोंदणी होण्याची वाट न बघता अर्ज टाकता येतो, दोन वर्षांच्या आत प्रत्यक्ष भेटल्याचा पुरावा तेवढा लागतो. प्रक्रियेला लागणारा वेळ दोन्हीकडे सतत बदलत असतो, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वेळेचा फायदा असलाच तरी तो विमानतळापर्यंतच टिकतो. खरी रखडपट्टी त्यापुढे.

के-१वर आलेल्या व्यक्तीचं लग्न झालं की आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरायचा आणि ग्रीन कार्डाची वाट बघायची. मधल्या काळात नोकरी करायची तर कामाच्या परवान्यासाठी वेगळा आय-७६५ अर्ज लागतो आणि ते कार्ड हातात येईपर्यंत घरी बसावं लागतं. त्याहून जाचक म्हणजे प्रवासबंदी. के-१ एकदाच प्रवेश देतो. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (देशाबाहेर जाऊन परतण्याची पूर्वपरवानगी) मंजूर होण्याआधी देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात आणि भरलेले पैसे बुडतात. भावाचं लग्न ठरलं किंवा आई दवाखान्यात असली, तरी फोनवरच समाधान मानावं लागतं. तातडीचा पॅरोल मागता येतो, पण मिळेलच असं नाही. आमच्यासाठी तरी पारडं इथेच फिरलं. ताटातूट काही महिने वाढली तर चालेल, पण उतरल्यावर हातपाय बांधलेले नकोत.

सीआर-१वर उतरलं की पासपोर्टावरचा शिक्का मारलेला व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. दुसऱ्या दिवसापासून नोकरी करता येते, भारतात जाऊन परतताही येतं. सोशल सिक्युरिटी नंबर डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरतानाच मागून ठेवता येतो. नागरिकत्वाचं घड्याळही उतरल्याच्या दिवशीच सुरू होतं. नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो, आणि ही तीन वर्षं कायमचा रहिवासी झाल्यापासून मोजतात. के-१वाल्यांची मोजणी आय-४८५ मंजूर झाल्यावर सुरू होते.

पैशांचा हिशेब सोपा आहे. एप्रिल २०२४च्या दरांनी के-१ला अर्जाचे ६७५, व्हिसाचे २६५ आणि आय-४८५चे १,४४० डॉलर. वर कामाच्या परवान्याचे २६० आणि पॅरोलचे ६३०. सीआर-१ला ऑनलाइन आय-१३०चे ६२५, एनव्हीसीचे (अमेरिकेचं राष्ट्रीय व्हिसा केंद्र) ३२५ आणि १२०, शेवटी इमिग्रंट फी २३५. म्हणजे ३,२७०च्या समोर १,३०५. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. दर बदलतात, भरण्याआधी ताजे बघावेत.

के-१ निवडणाऱ्या मराठी घरांत एक घोटाळा हमखास होतो. के-१ साठी दोघं अविवाहित असायला हवेत. साखरपुडा चालतो, उलट पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण घरच्यांच्या आग्रहाखातर ‘नोंदणी करू नका, विधी तेवढे उरकून घ्या’ असं ठरतं आणि अल्बममध्ये मंगळसूत्र, अंतरपाट, सप्तपदी सगळं येतं. मुलाखतीतल्या अधिकाऱ्याच्या लेखी ते लग्नच. नोंदणी झालेली नाही हा बचाव चालत नाही, कारण विधिवत झालेलं हिंदू लग्न नोंदणीवाचूनही वैध असतं. हार घालतानाचा फोटोसुद्धा प्रश्न ओढवून घेतो. साखरपुडा अंगठी आणि पेढ्यांवर आटोपावा, अक्षता तिकडच्या लग्नासाठी ठेवाव्यात.

सीआर-१ची डोकेदुखी वेगळी, ती इकडच्या कागदांची. दोघं हिंदू असतील तर वैदिक लग्न लावून नोंदणी करता येते. लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि भटजींची माहिती आधीच गोळा करावी, मांडव उतरल्यावर भटजी सापडत नाहीत. धर्म वेगळे असतील तर विशेष विवाह कायदा १९५४. त्यात दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधी सलग ३० दिवस वास्तव्य हवं, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस हरकतींसाठी. तीन आठवड्यांची रजा टाकून येणाऱ्या जोडीदाराचं गणित इथेच चुकतं. लग्न होईपर्यंत आय-१३० भरता येत नाही, म्हणून नोटीस त्याच्या तिकिटाच्या तारखा बघून द्यावी.

नावांचा गोंधळ दोन्ही मार्गांवर आहे. पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव सलग असतं, जन्मदाखल्यावर कधी नुसतं ‘मुलगी’ एवढंच, शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग तिसरंच. सगळ्या अर्जांत पासपोर्टाप्रमाणेच नाव लिहावं आणि बाकीची रूपं ‘इतर नावं’च्या रकान्यात न चुकता टाकावीत. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर नगरपालिकेतून ते चढवून घ्यायला आधी लागावं, हे काम सावकाशीने होतं. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडावं. लग्नानंतरचं नाव पासपोर्टावर चढवायची घाई प्रक्रिया चालू असताना नकोच. मध्येच नाव बदललं की पोलीस क्लिअरन्सपासून सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं.

उत्पन्नाच्या बाबतीत के-१ला व्हिसाच्या टप्प्यावर आय-१३४ हा तिकडच्या जोडीदाराच्या आर्थिक हमीचा फॉर्म पुरतो, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १०० टक्के. सीआर-१ला आय-८६४ हे कायद्याने बांधून घेणारं हमीपत्र आणि १२५ टक्के. पण के-१वाल्यांनाही आय-४८५सोबत तोच आय-८६४ द्यावा लागतो, तेव्हा ही सवलत नसून मुदतवाढ आहे. आणि हा बोजा घटस्फोटानेही उतरत नाही, हे सही करणाऱ्याला आधी सांगावं.

तरीही काहींसाठी के-१च बरा. पहिल्या लग्नाचं मूल १८ ओलांडलेलं पण २१च्या आतलं आणि अविवाहित असेल, तर सावत्र नात्याने आय-१३० भरता येत नाही, कारण लग्न मूल १८चं होण्याआधी व्हावं लागतं. के-२ या के-१धारकाच्या मुलांसाठीच्या व्हिसावर मात्र ते आईबरोबर येऊ शकतं. समलिंगी जोडप्यांचं लग्न भारतात कायद्याने होत नाही, त्यांच्यासाठीही हीच वाट सरळ.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत प्रवेश केला तर सीआर-१वाल्याला दोन वर्षांचंच कार्ड मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा ती दोन वर्षांची अट काढून घेण्याचा अर्ज भरावा लागतो, ७५० डॉलर. व्हिसा हातात पडेपर्यंत लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर तिकीट त्यानंतरचं काढावं. विमानतळावर अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून आयआर-१ (दोन वर्षं झालेल्या लग्नाचा वर्ग) अशी नोंद करून मागावी, मग कार्ड दहा वर्षांचं येतं.