‘एफ’चा ‘एल’ करून विकलेले मॉस्फेट

गणपतीच्या आराशीसाठी रंगीत एलईडी पट्ट्या जोडणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचा, कारण प्रश्न नुसत्या पैशांचा नाही.

१२ व्होल्टची पाच मीटर आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टी मला ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून चालवायची होती. या बोर्डाच्या पिनवर मिळतात ३.३ व्होल्ट, म्हणून दुकानात नाव घेऊन आयआरएलझेड ४४ एन मागितले, म्हणजे कमी व्होल्टवर उघडणारे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच). दुकानदाराने वीतभर पट्टी लावून चालवूनही दाखवली, पण आर्डुइनो ऊनो या दुसऱ्या बोर्डावर. ऊनोच्या पिनवर ५ व्होल्ट असतात आणि एवढ्याशा तुकड्याला करंट लागतोच किती! ईएसपीवर दाखवा म्हटलं, तर “तो बोर्ड इथे नाही, माल ओरिजिनल आहे” असं उत्तर.

घरी पूर्ण पट्टी जोडली. उजेड मंद, पांढऱ्या रंगाला तांबूस झाक आणि मॉस्फेटला बोट लावलं तर चटका. ही पट्टी पूर्ण उजेडात एका रंगाला साधारण २ अँपिअर घेते. खरा ‘एल’, म्हणजे आयआरएलझेड, एवढ्याने जेमतेम कोमट होतो. कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून मॉस्फेटवर घासला, तर काळा थर निघाला आणि खाली पॉलिश केल्याचे ओरखडे दिसले. लक्षणं सगळी आयआरएफझेड ४४ एनची, म्हणजे जास्त व्होल्ट लागणाऱ्या ‘एफ’ची! त्याचं थ्रेशोल्ड (तो जेमतेम उघडू लागतो ते व्होल्टेज) २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतं आणि पूर्ण उघडायला गेटवर (त्याच्या नियंत्रणाच्या पायावर) १० व्होल्ट लागतात. ३.३ वर तो अर्धवट उघडतो, आणि उरलेली वीज त्याच्यातच उष्णता होऊन जिरते. हे मखराच्या कापडाला आणि कागदी फुलांना खेटून रात्रभर चालू राहिलं असतं. मला खरा राग याचा आहे.

परत गेलो तर म्हणे, तुमचा कोड चुकतोय. कोडचा इथे संबंधच नाही. गेट थेट ३.३ व्होल्टला जोडा, करंट ज्यांतून जातो त्या उरलेल्या दोन पायांपैकी सोर्स ग्राउंडला, ड्रेनवर पट्टीचा एक रंग, आणि ड्रेन-सोर्समध्ये मल्टिमीटर धरा. अस्सल मॉस्फेटवर ०.१ व्होल्टच्या आसपास दिसेल. माझ्याकडच्या मॉस्फेटवर कित्येक व्होल्ट पडत होते. दुकानदाराने मीटरकडे पाहिलंही नाही, पैसेही दिले नाहीत.

पाकीटभर घेण्याआधी एकच नग आणून ही चाचणी करा, आणि बिलावर ‘मॉस्फेट’ एवढंच न लिहिता पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या.