पेडल स्टील बनवून घ्यायचीय? अमेरिकेतून, वाळूजमधून, की आधी आठ तारांची लॅप स्टील

स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर लोखंडी बार सरकवत वाजवायची गिटार, करून घ्यायचीय म्हणून विचारणारी पोरं आता नांदेड, लातूर, जालना सगळीकडूनच भेटायलेत आणि प्रश्न जवळपास एकच असतो, पेडलवाली (पायानं आणि गुडघ्यानं तारांचा सूर बदलणारी पेडल स्टील) घेऊ का साधी (मांडीवर घ्यायची लॅप स्टील), आणि पेडलवालीच घ्यायची तर बाहेरच्या मेकरला ऑर्डर देऊ का इथंच एमआयडीसीत पार्ट काढून जोडून घेऊ. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी माझं मत आधीच सांगतो. तुम्ही भावगीतं, नाट्यपदं, भजनं, रागदारी, जुनी सिनेमाची गाणी असं एका तारेवरून सूर ओढत वाजवणारे असाल तर पेडल लागतच नाहीत, आठ तारांची चांगली लॅप स्टील इथंच करून घ्या. तुम्हाला कॉर्ड आतल्या आत हलवायचे असतील, चर्चच्या क्वायरमागं नाहीतर ऑर्केस्ट्रात गायकामागं ते भरलेलं पॅडिंग द्यायचं असेल, तर पेडल स्टीलच पाहिजे, आणि ती मात्र अनुभवी मेकरकडूनच, सिंगल नेक (तारांचा एकच संच), दहा तारा, स्टँडर्ड सेटअप. वाळूज एमआयडीसीत पार्ट काढून पेडल स्टील जोडून घ्यायची, हा तिसरा रस्ता आहे, पण तो थोड्याच लोकांसाठी आहे, त्याचं खाली बोलू.

आता हे असं का, ते सरगममध्ये सांगतो म्हणजे हार्मोनियम-बासरीवाल्यालाही कळेल. पेडल स्टीलचं सगळ्यात चालतं ट्यूनिंग म्हणजे ई नाइन. ई ला सा धरला तर वाजवणाऱ्यापासून सगळ्यात लांबच्या तारेकडून अलीकडं येताना स्वर येतात असे: रे नी ग सा प ग रे सा, मग कोमल नी, आणि शेवटी खालचा प. (पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुरात असतात, सुरुवातीला सगळेच इथं गोंधळतात, काही बिघडलेलं नसतं ते.) पेडलांना ए, बी, सी म्हणतात. आता ए पेडल दाबलं की दोन्ही प चढून ध होतात, बी पेडल दाबलं की दोन्ही ग चढून म होतात, सा जागचा हलत नाही. म्हणजे दोन्ही पेडल दाबून, हातातला बार तसाच ठेवून सा-ग-प चा सा-म-ध झाला. सी पेडल चौथ्या तारेचा सा रे वर नेतं आणि पाचवीचा प ध वर. गुडघ्याच्या एका लिव्हरनं सा कोमल रे वर चढतो, दुसरीनं सा शुद्ध नी वर उतरतो. १९५४ ला एका गाजलेल्या कंट्री गाण्यात बड आयझॅक्स या अमेरिकन स्टील वादकानं तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि एक स्वर स्थिर, दुसरा त्याच्याशेजारून सरकत वर जातोय हा आवाज लोकांच्या कानात बसला तो बसलाच. हे नुसत्या बारनं होत नाही. बार सरळ धरून सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच सरकतात, तिरका धरून थोडंफार साधतं पण तेवढंच.

उलट बाजू बघा. मींड, आंदोलन, कणस्वर हे सगळं बारचं काम आहे. पेडलला शेवटचा थांबा ठरलेला असतो, ग वरून म वर गेलं की तिथंच थांबणार, म वर पोचायच्या आधी अर्ध्यात रेंगाळायचं, परत मागं यायचं, हे पायानं जमवता येतं पण हातानं ते कितीतरी सहज येतं. आपल्याकडं ब्रिजभूषण काबरांनी हवाईयन गिटारवर रागदारी उभी केली, व्हॅन शिपलींनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी घराघरात पोचवली, विश्वमोहन भट्टांना मोहनवीणेवर १९९४ चं ग्रॅमी मिळालं, यात पेडलची गरज कुणाला पडली नाही. त्यामुळं "पेडल म्हणजे वरची पायरी आणि लॅप स्टील म्हणजे शिकाऊ" असं जे डोक्यात असतं ते आधी काढून टाका. वेगळी वाद्यं आहेत ही.

आणि बसायचं काय? हे कुणी विचारतच नाही. पेडल स्टील चार पायांवर उभी असते, तिला खुर्ची नाहीतर स्टूल लागतंच, डावा पाय पेडलवर, उजवा व्हॉल्यूम पेडलवर, दोन्ही गुडघे लिव्हरमध्ये. भजनी मंडळात, देवळाच्या सभामंडपात सगळे सतरंजीवर मांडी घालून बसलेत आणि तुम्ही एकटे खुर्चीवर, असं चालणार असेल तर ठीक. नाही तर लॅप स्टील मांडीवर आडवी घेऊन त्यांच्यातच बसता येतं. गावोगावचे सप्ताह आणि भजनं हाच ज्याचा मुख्य कार्यक्रम आहे त्याचा निर्णय माझ्या मते इथंच होतो.

बरं, समजा पेडलच पाहिजे. बाहेरून बनवून घ्यायची म्हणजे अमेरिकेत मुलन, एमएसए, जीएफआय असे मेकर आहेत, जपानमध्ये एक्सेल आहे. चांगल्या नव्या सिंगल नेक गिटारीला साधारण तीन ते पाच हजार डॉलर धरून चाला, डबल नेक त्याच्याही वर, आणि छोट्या वर्कशॉपच्या मेकरकडं नंबर लागायला महिनोन् महिने जातात. त्यावर विमानाचं भाडं, विमा, आणि ड्यूटी-टॅक्स. ही ड्यूटी नुसत्या गिटारीच्या किमतीवर लागत नाही, किंमत अधिक भाडं अधिक विमा या सगळ्या बेरजेवर लागते, लोक बजेट काढताना हेच विसरतात. म्हणून ऑर्डरच्या आधी कस्टम हाऊस एजंटकडून आकडा लिहून घ्या. कुणी नातेवाईक तिकडून येणार असेल तर केससकट वजन आधी विचारून घ्या, सिंगल नेक वीस किलोच्या आसपास जाते, डबल नेक तीसच्या घरात, आणि उतरल्यावर रेड चॅनलला जाऊन सरळ जाहीर करा. व्होल्टेजची काळजी मात्र करू नका, गिटारीत वीज लागणारं काहीच नसतं, पिकअप आणि जॅक एवढंच. अँप इथलाच घ्या.

डबल नेकचा मोह फार जणांना होतो. वाजवणाऱ्याच्या जवळच्या नेकवर सी सिक्स हे दुसरं ट्यूनिंग, लांबच्यावर ई नाइन, फोटोत काय दिसते. पण वजन बघा, ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत चढवायची-उतरवायची बघा, आणि सी सिक्सचा जॅझ-स्विंगवाला बाज तुम्ही खरंच वाजवणार आहात का ते बघा. सी सिक्स हवंच असेल तर ते लॅप स्टीलवर फार सुंदर लागतं, सहा तारांवर सा ग प ध, मग परत सा ग, संपलं. मी कुणालाही पहिली गिटार डबल नेक घे असं सांगणार नाही.

बनवून घ्यायची म्हणजे नेमकं काय काय ठरवायचं असतं, तर मुख्य म्हणजे कुठलं पेडल आणि लिव्हर कुठली तार किती चढवणार-उतरवणार याचा तक्ता. इथं हुशारी करू नका. तीन पेडल, चार किंवा पाच लिव्हर, एमन्स सेटअप, म्हणजे डावीकडून ए बी सी. जिमी डे सेटअपमध्ये हाच क्रम उलटा असतो, तोही उत्तम आहे, पण शिकवण्याचं बहुतेक साहित्य एमन्सप्रमाणं आहे आणि आपल्याला शेजारी बसवून दाखवणारा गुरू मिळणं अवघड, तेव्हा जे शिकायला मिळतंय त्याच्याशी जुळणारं घ्या. स्वतःचं वेगळं लिव्हर नंतरही बसवता येतं. दुसरं ठरवायचं ते तुमच्या शरीराचं माप, खुर्चीवर बसल्यावर जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंतची उंची, मांडीची जाडी, कारण पायांची आणि पेडल रॉडची लांबी त्यावर ठरते आणि उंच माणसाचे गुडघे जर खाली अडकायला लागले तर वाजवायचं सुखच जातं. आणि हो, चप्पल-बूट काढून वाजवणार असाल तर त्या स्थितीतच माप घ्या, फरक पडतो. बाकी लॅकर का मायका, रंग कुठला, हे आवडीचं आहे. टेम्पोत फिरणार असेल तर मायका, ओरखडे सोसतो.

आता वाळूज. गिटारीच्या पोटात काय असतं ते समजलं की मोह होणारच: पेडलचा उभा रॉड, त्यानं फिरणारा आडवा शाफ्ट, शाफ्टवर बेलक्रँक, त्याला लागलेला ओढ-रॉड, आणि तो शेवटी चेंजरमधल्या (तारांचा सूर बदलणाऱ्या यंत्रणेतल्या) बोटाला खेचतो, त्या अॅल्युमिनियमच्या बोटावरून तार जाते, बोट फिरलं की तार ताणली जाते नाहीतर सैल होते, पाय काढला की तारेचा ताण आणि स्प्रिंग परत जागेवर आणतात. बघताना वाटतं की दुचाकी-रिक्षाचे पार्ट काढणाऱ्या आपल्या व्हेंडरला यात काय अवघड आहे. आणि बेलक्रँक, शाफ्ट, पाय, एंडप्लेट यात खरंच काही अवघड नाही, सुंदर निघतील. पण कुठंही गेलात की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, किती नग?" एका गिटारीपुरतं प्रोग्रामिंग, फिक्श्चर, सेटिंग, हे सगळं एका नगावर पडतं आणि स्वस्तातलं वाटणारं काम बघता बघता बाहेरच्या गिटारीच्या किमतीला भिडायला लागतं.

खरी अडचण चेंजरची आहे. दहा बोटं एकाच अॅक्सलवर, शेजारी शेजारी, अंतर इतकंच की घासायला नको आणि डुलायलाही नको, प्रत्येक बोट चढवायलाही मोकळं आणि उतरवायलाही, आणि हजारो वेळा दाबून सोडलं तरी सूर तंतोतंत जागेवर परत आला पाहिजे. तो जर दरवेळी थोडा वर नाहीतर थोडा खाली येऊन थांबायला लागला तर ते वाद्य कितीही देखणं असलं तरी वाजवता येत नाही. दुसरं म्हणजे बॉडी. पेडल दाबलं की सगळी ओढ लाकडावर येते, बॉडी किंचित वाकते आणि ज्या तारा हलायलाच नको होत्या त्याही खाली उतरतात. चांगल्या गिटारीत हा फरक थोड्याच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असतो, कान सोसतो. बाहेर यासाठी हार्ड मेपल वापरतात. आपल्याकडं मुरलेलं सागवान उत्तम आणि आपल्या उन्हातही फारसं वाकडं होत नाही, पण ते मेपलपेक्षा मऊ, म्हणून डिझाईन तसंच्या तसं उचलून चालत नाही, फ्रेमची साथ द्यावी लागते. त्यामुळं हा रस्ता मी फक्त अशालाच सांगेन ज्याचं स्वतःचं टूलरूम आहे किंवा टूलरूममधला असा मित्र आहे ज्याला यात स्वतःला रस आहे, आणि जो एक चेंजर फेकून देऊन दुसरा करायला तयार आहे. अशी माणसं संभाजीनगरात आहेत आणि त्यांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं. पण मग कार्यक्रमाची तारीख गळ्यात बांधून करू नये.

लॅप स्टीलचं गणित मात्र एकदम वेगळं. सागवानाची एक जाड फळी, आठ खुंट्या, नट, ब्रिज, पिकअप, जॅक, हलणारं काहीच नाही. चांगला सुतार आणि एक इलेक्ट्रॉनिक्सवाला एवढ्यावर होते, साडेबावीस इंची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) ठेवा, चोवीसची पण चालेल, तारा ओळीत आणि सारख्या उंचीवर आल्या की निम्मं काम झालं. बाहेरच्या पेडल स्टीलच्या दहाव्या हिश्श्यात बसते. तरफेच्या (आपोआप गुंजणाऱ्या) तारा आणि पोकळ बॉडीचा गुंजणारा आवाज पाहिजे असेल तर मोहनवीणेच्या वळणाची करून घ्या, पण ते तंतुवाद्य करणाऱ्या कारागिराचं काम आहे, सुताराचं नाही.

दुरुस्तीचा विचार माझ्या लेखी किमतीच्या आधी येतो. लॅप स्टीलचं काहीही बिघडलं तर तालुक्याच्या गावातही निभतं, आपल्या बेंजो पार्टीवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणाराच पिकअपची वायर जोडून देतो. पेडल स्टीलला तसं नाही. अमेरिकन गिटारीचे स्क्रू आणि अॅलन की इंचात असतात, आपल्याकडं सगळीकडं मिलिमीटरचा माल, एक स्क्रू हरवला तर तसाच मिळत नाही आणि जवळपासचा बळंच बसवला की आटे जातात. म्हणून ऑर्डरमध्येच लिहून द्या: जादा बेलक्रँक, ओढ-रॉड, स्प्रिंगा, नायलॉन ट्यूनर, प्रत्येक मापाचे स्क्रू आणि अॅलन कीचा पूर्ण सेट. दुसरं आपलं ऊन आणि धूळ. एप्रिल-मेच्या जत्रेत बेचाळीस डिग्रीत गिटार बंद गाडीत ठेवून आणली की दहा मोकळ्या तारा आणि त्यावर पेडल-लिव्हरचे डझनभर स्वर, सगळं परत लावत बसावं लागतं, लॅप स्टीलला आठ खुंट्या पिळल्या की झालं. चेंजरला तेल थेंबभरच द्या, जास्त दिलं की धूळ चिकटून तीच काजळी बोटं अडवते, आणि वाजवून झालं की वर जाड कापड टाकायचंच.

तारांचंही बघून ठेवा. लॅप स्टीलच्या तारा साध्या गिटारच्या सुट्या तारांतून जुळवता येतात. ई नाइनचा सेट बाहेरूनच मागवावा लागतो, तेव्हा गिटारीबरोबरच भरपूर सेट घ्या आणि तिसऱ्या तारेसाठी ११ नंबरच्या सुट्या तारा वेगळ्या घ्या, ती सगळ्यात बारीक, सगळ्यात चढी, वर बी पेडलनं दरवेळी ताणली जाते, त्यामुळं आधी तीच तुटते आणि नेमकी कार्यक्रमातच तुटते.