फ्लाय बांधायचं सामान मागवताय? आधी इंदूरचं हे प्रकरण वाचा

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. आम्ही इंदूरचे हौशी गळवाले या दिवसांत नर्मदेकडे फिरकत नाही; घरी टेबलाला व्हाइस, म्हणजे हुक घट्ट धरणारा छोटा शिकंजा, लावून पुढच्या हंगामाच्या फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली किड्यासारखी आमिषं, बांधत बसतो. सामान विकणाऱ्यानं नेमका हाच मुहूर्त साधला. माल पाण्यात पडणार ऑगस्टनंतर आणि परत घ्यायची मुदत सात दिवसांची!

माणूस मराठी, बोलायला गोड. रामबागेत एका मित्राकडे येऊन नमुने दाखवून गेला. "काका, हातात घेऊन बघा ना. आपल्याच माणसांशी खोटं बोलेन का?" नमुना अस्सल होता. कोंबड्याचं लांब सॅडल पीस, म्हणजे पाठीवरचं पीस, बोटावर वाकवलं की तंतू ताठ उभे राहायचे, बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच लांबीचे. आम्ही चौघांनी पिसं, फ्लायला वजन द्यायला टंगस्टनचे मणी आणि महसीर या नदीतल्या दांडग्या माशासाठी जाड हुक मागवले. पैसे आधी यूपीआयवर, बिल "पाठवतो काका".

पार्सलमध्ये वरची जुडी नमुन्यासारखीच होती. खाली मात्र कोंबडीच्या दुकानातली रंगवलेली पिसं. अशा पिसाचे तंतू मऊ असतात आणि मधला लवदार पट्टा पार शेंड्यापर्यंत जातो. कोमट पाण्याच्या ग्लासात एक पीस टाकलं, तर पाच मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. हिमाचलात ट्राउट माशासाठी ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, टाकतात, ती या ताठ तंतूंच्या जोरावर तरंगते. मऊ पीस पाणी पितं आणि बुडतं. पाण्याखाली बुडणाऱ्या वेट फ्लायला मऊ पीसच लागतं, हे खरं. पण मग भाव कोंबडीचा लावा ना, परदेशी सॅडलचा कशाला?

हुक त्याहून वाईट. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण तोंडाची पकड अशी की पातळ हुक चेपून टाकतो. चांगला हुक व्हाइसमध्ये धरून पकडीनं जरा ताणला तर सोडल्यावर जागेवर येतो. हे उघडले ते उघडेच राहिले. तळ्यातल्या रोहूला एखाद्या वेळी चालून जातील, बडवाहजवळच्या धारेत नाहीत.

मणी मी सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे नेले. टंगस्टन म्हटल्यावर तो हसला. या धातूची घनता जवळजवळ सोन्याएवढीच, 19च्या वर, म्हणून सोन्यात भेसळ करणारे तोच वापरतात आणि सोनार मंडळी त्याला चांगली ओळखून असतात. पितळेची घनता साडेआठच्या आसपास. त्याच मापाचे पितळी मणी दुसऱ्या पारड्यात टाकले, काटा हललाही नाही.

आता खरी मेख. प्रत्येक पार्सलमध्ये एक छोटी पुडी "भेट" म्हणून होती: रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेवाली पिसं, सॅमन माशासाठीच्या फ्लायला डोळा म्हणून लावतात ती. पैसे परत मागितल्यावर गोड आवाज बदलला. "तक्रार करा की काका. रानकोंबड्याची पिसं तुमच्या घरात आहेत, माझ्या नाही." रानकोंबडा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याच्या पिसांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. दोघं तिथंच गप्प बसले.

मला त्या ठिपक्यांचा रंग खटकत होता. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून घासला, तर ठिपका कापसावर उतरला आणि खाली साधं काळं पीस उरलं. अस्सल पिसात तो मेणचट पिवळसर ठिपका पिसाचाच भाग असतो, पुसला जात नाही. म्हणजे धमकीसुद्धा रंगवलेलीच!

मग चौघांनीही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनला 1915 वरही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ एकानं काढला होता, तक्रारीत तोच सगळ्यात कामी येतोय. आणि कुणी न मागता पिसांची भेट पाठवली तर त्याच दिवशी लेखी विचारा, की हे काय आहे आणि कुठून आणलंत.

त्याचा जुना नंबर बंद आहे. हल्ली नव्या नावानं तो मोरपिसं विकतो असं कानावर आलंय, निम्फच्या, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारख्या फ्लायच्या, अंगासाठी, "एक्सपोर्ट क्वालिटी" म्हणून. मोराची गळलेली पिसं देशात विकता येतात, पण त्यांच्या निर्यातीला बंदी आहे.