गुहागर आणि मालवण : दोन मुक्काम, तीन गाड्या

कोकणात जायचे ठरले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. आईला गुहागरच्या व्याडेश्वराचे दर्शन हवे असते आणि पत्नीला मालवणचे मासे. एरवी कोणा एकीची समजूत काढून प्रश्न मिटतो. या फेब्रुवारीत मात्र शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडून, मोटार न नेता, कोकण रेल्वेच्या भरवशावर दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत बसवून पाहिली. ती किती बसली आणि कुठे दाटीवाटी झाली, याचा हा अभिप्राय आहे.

बेत असा होता : शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेसने निघून पहाटे चिपळूणला उतरायचे आणि शनिवारची रात्र गुहागरला काढायची. रविवारी दुपारी चिपळूणहून मांडवी एक्सप्रेसने कुडाळला आणि तेथून मालवणला जायचे. सोमवारी रात्री कुडाळहून कोकणकन्येत बसले की मंगळवारी सकाळी मुंबई. दोन रात्री गाडीत आणि दोन अंथरुणात गेल्यामुळे हाती दोन दिवस नव्हे, तर जवळजवळ तीन दिवस लागले.

आरक्षणाबाबत एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, कारण ती मला पैसे मोजून कळली. आपण जिला शुक्रवार रात्रीची तुतारी म्हणतो, ती दादरहून बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणून तिकिटावर तारीख शनिवारची लागते. मी शुक्रवारची काढली होती. त्या तिकिटावर प्रवास करायचा तर गुरुवारीच रात्री फलाटावर हजर राहावे लागले असते. चूक पत्नीच्या लक्षात आली आणि तिकीट रद्द करण्याचे पैसे तेवढे गेले. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. तीन गाड्यांची तिकिटे तीन वेगवेगळ्या तारखांना काढायची असल्याने पहिले तिकीट मिळाले तरी बेत पक्का झाला, असे समजता येत नाही. मधल्या गाडीचे तिकीट हुकले, तर सगळीच सहल कोलमडते.

नकाशात पाहिले की चिपळूण ते कुडाळ हे दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतरच मोठे वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत सोपे निघाले. कोकण रेल्वे नावाने किनाऱ्याची असली, तरी समुद्रापासून बरीच आत धावते, कारण किनारा जागोजागी खाड्यांनी चिरलेला आहे. चिपळूण स्थानकापासून गुहागर सुमारे 45 किलोमीटर आहे आणि कुडाळपासून मालवण सुमारे 30. दोन्हीकडे जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर वळणावळणांचा रस्ता पडतो आणि तीन दिवसांतला वेळ खातो तो हाच रस्ता. म्हणून असा बेत आखताना स्थानकांमधले अंतर मोजण्यापेक्षा स्थानक ते मुक्काम या अंतराचा हिशेब आधी करावा.

शनिवारी पहाटे चिपळूणला उतरून गुहागरला पोहोचलो, तेव्हा सुपारीच्या बागांतून पाणी सोडायची वेळ झाली होती. व्याडेश्वराचे दर्शन सकाळीच उरकल्यामुळे दिवस मोकळा राहिला. वेळणेश्वर आणि हेदवी दोन्ही करण्याचा मोह होता, पण आई एकाहत्तर वर्षांची असल्याने एकच निवडले आणि हेदवीला गेलो. दशभुज गणेशाच्या मंदिरापासून खाली समुद्रावर बामणघळ आहे. खडकाला पडलेली ही अरुंद, खोल चीर ओहोटीला अगदी साधी दिसते. भरतीच्या लाटा मात्र तिच्यात घुसल्या की आधी पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो आणि त्यानंतर पाण्याचा फवारा उंच उडतो. आमचा रिक्षावाला मंदिरापाशी घड्याळ बघत म्हणाला, "आजी, प्रसाद नंतर घ्या, देव कुठे जात नाही. भरती मात्र थांबायची नाही." पौर्णिमा जवळ असल्याने भरती दुपारच्या सुमारास होती आणि त्याच्या घाईमुळेच आम्हाला ती नेमकी सापडली. आईचे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजले आणि त्याबद्दल ती संध्याकाळपर्यंत सर्वांना आनंदाने सांगत होती.

रविवारी सकाळी मात्र आदल्या दिवशी शब्द दिलेला गाडीवाला आलाच नाही आणि फोनही उचलेना. एसटीने चिपळूण गाठले. पण स्थानक गावाबाहेर वालोप्याला असल्याने पुन्हा रिक्षा करावी लागली. आम्ही दोन तासांचे अंतर हाताशी ठेवले होते, म्हणून निभावले.

या सहलीतला सर्वांत चांगला भाग कोणता, असे कोणी विचारले, तर मी ना गुहागर सांगेन ना मालवण. मांडवीतले ते साडेचार-पाच तास सांगेन. वातानुकूलित डब्याच्या काचेपेक्षा शयनयानाची उघडी खिडकी घ्यावी, असे माझे मत आहे. फेब्रुवारीत तरी तिला तोड नाही. संगमेश्वरच्या पुढे उक्षी गेले की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो. आत शिरताच हवा गार होते, ओल्या दगडाचा वास येतो आणि पोरे ओरडून आपलाच आवाज ऐकून घेतात. पूर्वी या बोगद्यात डिझेल इंजिनाचा धूर खिडकीतून आत येत असे आणि बाहेर पडेपर्यंत पदर नाकाला लावावा लागत असे. 2022 साली विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून तो त्रास संपला आहे. रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा पूल येतो. त्याची उंची 64 मीटर आहे, पण खिडकीतून हा आकडा जाणवत नाही. खालच्या माडांचे शेंडे हिरव्या फुलांसारखे दिसू लागतात, तेव्हा तो कळतो. मांडवीतल्या खाण्याची ख्याती ऐकून होतो. आम्ही घेतलेली कटलेटे गरम होती आणि चहा दुसऱ्यांदा मागवावासा वाटला, एवढे नक्की सांगतो. बराचसा मार्ग एकेरी असल्याने क्रॉसिंगसाठी थांबावे लागते. ज्याला पोहोचण्याची घाई आहे त्याला ते खटकेल. आम्ही त्या वेळात फलाटावर पाय मोकळे केले.

मालवणला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता, त्यामुळे तिथल्या वाट्याला एक रात्र आणि एकच दिवस आला. सकाळी होडीने सिंधुदुर्ग गाठला. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर उभारलेला हा किल्ला पाहायला निदान तीन तास हवेत, पण होडीवाले परतीची वेळ बांधून देतात. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे कसे, यावर आई आणि पत्नी यांचे बोलणे इतके रंगले की शिवराजेश्वराच्या मंदिरात मला एकट्यालाच जावे लागले. दुपारी सुरमईची थाळी आणि सोलकढी झाली, पत्नीचे समाधान झाले, तारकर्ली मात्र राहिली. संध्याकाळी कुडाळला निघण्याआधी बाजारात खाजे घ्यायला जेमतेम वेळ मिळाला.

हाच बेत पावसाळ्यात करू नये. जूनपासून गाड्यांचा वेग कमी केला जातो, वेळापत्रक बदलते आणि सिंधुदुर्गाच्या होड्याही बंद असतात. गणपतीत तर चाकरमान्यांच्या गर्दीत तीन आरक्षणे जुळणे जवळजवळ अशक्यच आहे. लहान मुले किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, तर एकच ठिकाण निवडलेले बरे. आम्ही पुढच्या वेळी हाच मार्ग घेऊ, पण एक दिवस वाढवून तो मालवणला देऊ आणि गुहागरहून निघताना गाडीवाल्याच्या शब्दावर न राहता पहिली एसटी पकडू.