कंपनांचा डेटा साठवायचा कशात? सीएसव्ही, पार्के आणि एचडीएफ५

साखर कारखान्यातल्या गिअरबॉक्सवर बसवलेल्या कंपन-सेन्सरचा डेटा हंगाम संपला म्हणून पुसता येत नाही. पुढच्या गाळपात तोच गिअरबॉक्स वेगळा वाजू लागला की पहिला प्रश्न येतो, गेल्या वर्षी एवढ्याच भाराला काय दिसत होतं? त्यामुळे कच्चा डेटा वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, आणि तो थोडाथोडका नसतो. तीन अक्ष, प्रत्येकाचे सेकंदाला २५,६०० नमुने, प्रत्येक नमुना चार बाइटचा धरला तर एका सेन्सरचे दिवसाला साधारण साडेसव्वीस जीबी होतात.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. तिचा विचार इथे फार वेळ करायला नको. एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळी या वेगाने ४१ सेकंदांत भरतात आणि आकडे अक्षरांत लिहिल्यामुळे जागा कितीतरी पट जास्त लागते. कोणता सेन्सर कोणत्या बेअरिंगवर होता, कॅलिब्रेशन कधी झालं, ही यादी मात्र मी सीएसव्हीतच ठेवतो. ती कुठल्याही संगणकावर साध्या नोटपॅडमध्येही उघडते.

खरी निवड पार्के आणि एचडीएफ५ यांच्यातली. पार्के तक्त्याचा एकेक स्तंभ सलग साठवतं, तर एचडीएफ५ आकड्यांच्या मोठ्या रांगा आणि त्यांची माहिती एकाच फाइलमध्ये ठेवतं. पार्के २०१३ साली ट्विटर आणि क्लाउडेरातल्या अभियंत्यांनी पुढे आणलं, आणि स्तंभवार साठवणुकीत त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. ओळींच्या प्रत्येक गटाची किमान-कमाल मूल्यं फाइलमध्येच असतात, त्यामुळे हव्या त्या तासाचा डेटा काढताना बाकीचे गट वाचावेच लागत नाहीत. डकडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये थेट एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहून उत्तर मिळतं. आरएमएस (कंपनाची सरासरी तीव्रता), कर्टोसिस (धक्के किती टोकदार आहेत याचं माप), बेअरिंगचं तापमान असे मिनिटाला एकदा येणारे आकडे मी पार्केतच ठेवतो आणि त्यात बदल करायची गरज वाटलेली नाही.

कच्च्या तरंगांना मात्र ते माझ्या दृष्टीने अडलं, आणि अडलं ते वेळेपाशी. पार्के म्हणजे शेवटी तक्ता. त्यात प्रत्येक ओळीला स्वतःची वेळ द्यायची, असाच सर्वांचा रिवाज. आता आमच्या क्षेत्रात २५,६०० हा दर सर्रास वापरला जातो, कारण १० किलोहर्ट्झपर्यंत बघायचं तर त्याला २.५६ ने गुणायची जुनी पद्धत आहे. या दराने दोन नमुन्यांमधलं अंतर येतं ३९,०६२.५ नॅनोसेकंद. पार्केतली वेळ पूर्णांकात असते, तो अर्धा नॅनोसेकंद तिच्यात बसतच नाही. मधलं एखादं साधन वेळ मायक्रोसेकंदांवर आणत असेल, तर ३९.०६२५ चे बहुतेक ठिकाणी सरळ ३९ होतात.

हे वाचताना क्षुल्लक वाटेल. पण विश्लेषण करणारा माणूस फाइल उघडतो, पहिल्या दोन वेळांची वजाबाकी करतो आणि त्यावरून दर काढतो. मग २५,६०० ऐवजी २५,६४१ येतात. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याच्या आलेखात, ३,००० हर्ट्झवरची रेघ ३,००४.८ वर दिसते. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या शाफ्टचे साइडबँड (मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंच्या लहान रेघा) बरोबर ५ हर्ट्झच्या अंतरावर असतात, म्हणजे एक रेघ जवळजवळ शेजारणीच्या जागी जाऊन बसते. आमच्याकडे असा एक अहवाल आला होता. गिअरबॉक्स ठीक होता, स्पेक्ट्रम सरकलेला होता, आणि कारण हाती लागेपर्यंत सगळे यंत्राकडेच बोट दाखवत होते. माझा निर्णय तिथेच झाला.

पार्केच्या फूटरमध्ये, म्हणजे फाइलच्या शेवटच्या भागात, जास्तीची माहिती लिहिता येते, हे खरं आहे. दर तिथे लिहावा, असं कोणी म्हणेल. पण डेटा एका साधनातून वाचून दुसऱ्यातून लिहिला की ती माहिती बहुधा मागेच राहते, आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

एचडीएफ५मध्ये वेळेचा स्तंभ ठेवायचाच नाही. नमुन्यांची सलग रांग, आणि तिलाच चिकटलेली सुरुवातीची वेळ, दर, सेन्सरची संवेदनशीलता. मी अंतर न लिहिता दरच लिहितो, कारण २५,६०० हा स्वच्छ पूर्णांक आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचा खुला डेटाही असाच मिळतो. ४,०९६ सेकंदांची एचडीएफ५ फाइल, आत सुरुवातीची जीपीएस वेळ आणि नमुन्यांमधलं अंतर. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला जी लायगो-इंडिया उभी राहायची आहे, तिच्याच कुळातली ही पद्धत. भूकंपमापनवालेही मिनीसीड या त्यांच्या फाइल-प्रकारात प्रत्येक रेकॉर्डच्या डोक्यावर वेळ आणि दर लिहितात.

एचडीएफ५ निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. फाइल लिहिण्यासाठी उघडी असताना वीज गेली तर ती पुन्हा उघडेलच याची खात्री नसते. २०१६ च्या १.१० आवृत्तीपासून लिहिणारा एक, वाचणारे अनेक अशी सोय आली, तिचा थोडा आधार होतो. मी तरीही तासाला एक फाइल करून ती बंद करतो. वीज गेलीच तर नुकसान त्या तासापुरतं राहतं, आणि प्रत्येक तासाला स्वतःची सुरुवातीची वेळ असल्याने घड्याळाची तफावतही साठत जात नाही. दुसरं पथ्य कॉम्प्रेशनचं. ब्लॉस्कसारखी कॉम्प्रेशनची प्लगइनं (वेगळी बसवावी लागणारी जोड-साधनं) वेगवान आहेत, पण ज्या संगणकावर ती नाहीत तिथे फाइल वाचता येत नाही. जपणुकीसाठी शफल (बाइटांची फेरमांडणी) आणि जीझिप (नेहमीचं कॉम्प्रेशन) एवढंच बरं. वेग थोडा कमी पडतो, तो मला परवडतो.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. एक अब्जाला, म्हणजे सेकंदातल्या नॅनोसेकंदांना, तुमच्या दराने भागून बघा. २०,००० असेल तर अंतर नेमकं ५०,००० नॅनोसेकंद, बाकी शून्य. तिथे माझी तक्रार लागू होत नाही, आणि टीम एसक्यूएलवरच चालणारी असेल तर पार्के घ्यायला माझी हरकत नाही. २५,६००, ५१,२०० किंवा ४८,००० असेल तर कच्चे तरंग एचडीएफ५मध्ये ठेवा आणि त्यांच्यावरून काढलेले आकडे पार्केत.