बर्नली : घर परवडलं, बाकीचा हिशेब

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका बेडरूमच्या फ्लॅटला आम्ही महिना साडेबाराशे पौंड भाडं भरायचो. आता बर्नलीत एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं, दोन बेडरूमचं दगडी घर आमच्या नावावर आहे. किंमत 1 लाख 8 हजार पौंड. दहा टक्के रोख भरले, उरलेल्या कर्जाचा हप्ता महिना पाचशेच्या थोडा वर जातो. पहिलंच घर, त्यामुळे स्टॅम्प ड्युटी शून्य. एवढं सांगितलं की ओळखीतले लगेच विचारतात, "मग गोम काय?"

गोम आहे, आणि ती एक नाही.

आधी गाव कुठलं ते सांगते. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर परगण्याच्या पूर्व टोकाला, पेनाइन डोंगरांच्या कुशीत, मँचेस्टरच्या उत्तरेला. 2021 च्या जनगणनेत बर्नली बरोची (गाव आणि आसपासचा भाग) वस्ती सुमारे 95 हजार. पहिल्या महायुद्धाच्या आधी इथे लाखाच्या आसपास माग चालत होते, आणि त्यांचं बरंचसं साधं सुती कापड हिंदुस्थानात विकलं जायचं. गिरण्या गेल्या, कोळशाच्या खाणी गेल्या, कामगारांसाठी बांधलेली घरं तशीच राहिली. घरं स्वस्त असण्याचं मूळ कारण हेच: घरं भरपूर आणि चांगल्या पगाराच्या नोकऱ्या कमी.

घराचं दार थेट फुटपाथवर उघडतं. पुढे अंगण नाही. मागे फरशीचं छोटं परसू आणि त्याच्या मागे कचऱ्याचे डबे ठेवायची गल्ली. भिंती जाड दगडाच्या. बाहेरून फार देखण्या, पण आत पोकळी नाही, त्यामुळे पोकळीत इन्सुलेशन (थंडी अडवणारा थर) भरून घ्यायचा सोपा उपाय इथे चालत नाही. ओल हा बर्नलीतल्या जुन्या घरांचा खरा प्रश्न. घर बघताना खालच्या दोन फुटांत नवा रंग दिसला तर तिथे हात लावून बघा. आम्ही डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र घेतलं, कारण हिवाळ्यात कपडे घरातच वाळत घालावे लागतात आणि मग कपाटामागे बुरशी धरते. जानेवारीचं गॅसबिल बघून नवरा म्हणाला, "हा दुसरा हप्ताच आहे." अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

कागदपत्रांतही दोन गोष्टी दक्षिणेतून आलेल्याला चक्रावतात. इकडची बरीच घरं 999 वर्षांच्या लीजवर असतात आणि जमिनीचं भाडं वर्षाला काही पौंड असतं. त्याला घाबरायचं कारण नाही, मात्र लीजमधल्या अटी वकिलाकडून नीट वाचून घ्या. दुसरं म्हणजे खाणींचा अहवाल. गावाखाली जुन्या कोळशाच्या खाणी आहेत, त्यामुळे आपल्या प्लॉटखाली काय आहे हे वकील तपासून घेतो. आमचा अहवाल ठीक आला, तो येईपर्यंत सासूबाईंनी मात्र रोज फोन करून "घर खचणार नाही ना?" विचारलं. घरपट्टीचा बँड ए, म्हणजे सगळ्यात खालचा. हे बँड अजूनही 1991 च्या किमतींवर ठरतात, आणि तेव्हा 40 हजार पौंडांपर्यंतची घरं ए मध्ये पडली. भाड्याने राहणार असाल तर एक विचारा: काही मोहल्ल्यांत घरमालकाला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं. ते नसेल तर पुढच्या घराकडे चला.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, ऑफिस मँचेस्टरला, आठवड्यातून दोन दिवस हजेरी. नवरा इथल्याच विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. हे गणित असं जुळतं म्हणून बर्नली आम्हाला झेपतं. 2015 पर्यंत इथून मँचेस्टरला थेट रेल्वेगाडीच नव्हती. टॉडमॉर्डनजवळ रुळाचा एक वळणाचा तुकडा, जेमतेम अर्धा किलोमीटर, कधीच उखडून टाकलेला होता. तो पुन्हा टाकला तेव्हा बर्नलीच्या मँचेस्टर रोड स्टेशनवरून मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनला थेट जाता येऊ लागलं. तासाभराच्या आत पोचते. पण गाडी तासाला एकच. ती रद्द झाली तर फलाटावर गार वाऱ्यात एक तास, आणि ती रद्द होते. रोज ऑफिसला जायचं असतं तर मी इथे घर घेतलं नसतं, हे स्पष्ट सांगते. पर्याय म्हणून एक्स 43 ही बस आहे. जवळच्या पेंडल डोंगरातल्या बायकांवर 1612 साली चेटुकाचा खटला चालला होता, त्यावरून बसचं नाव 'विच वे' (चेटकिणींची वाट). 2025 पासून एका फेरीला जास्तीत जास्त 3 पौंड पडतात. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर रॉसेन्डेलच्या दरीतून जाताना लॅपटॉप उघडावासा वाटत नाही.

दवाखान्याचं नीट ऐका, कारण घर बघताना हे कोणी सांगत नाही. गावात मोठं हॉस्पिटल आहे, बाळंतपणाचा विभाग तर चांगला मोठा आहे. पण पूर्ण आपत्कालीन विभाग 2007 मध्ये ब्लॅकबर्नला गेला. किरकोळ जखमेवर इथे उपचार होतात. छातीत दुखलं तर एम 65 या मोटरवेवरून ब्लॅकबर्न. घरात वयस्कर माणूस राहणार असेल तर स्वतःची गाडी हवीच. आम्ही स्लाऊमध्ये बिनगाडीचे होतो. इथे आल्यावर घेतली, आणि भाड्यात वाचलेल्या पैशांतला मोठा तुकडा विमा आणि पेट्रोल खातात.

किराण्याची चिंता नको. पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबं इथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत, त्यामुळे कोथिंबिरीच्या घसघशीत जुड्या, मेथी, कणकेची दहा किलोची पोती, सगळं चालत जाऊन मिळतं आणि सुपरमार्केटपेक्षा स्वस्त. जाड पोहे आणि ज्वारीचं पीठ मी बोल्टनहून आणते, तिकडे गुजराती वस्ती मोठी आहे. देऊळही त्याच बाजूला किंवा प्रेस्टनला. मराठी माणूस मला बर्नलीत अजून भेटलेला नाही. गणपती घरचा, आरतीला आम्ही तिघंच. ज्याला मंडळ, नाटक, शनिवारची मराठी शाळा हवी त्याने इकडे येण्याआधी दोनदा विचार करावा.

जून 2001 मध्ये इथे वांशिक दंगल झाली होती. गोरी आणि आशियाई वस्ती आजही बरीचशी वेगवेगळ्या मोहल्ल्यांत राहते, ते डोळ्यांना दिसतं. आम्हाला कोणी वावगं बोललेलं नाही. शेजारच्या आजी मला 'लव्ह' म्हणतात आणि माझ्या मुलाला फुटबॉल क्लबच्या गर्द तांबड्या-निळ्या रंगाची टोपी विणून देतात. क्लब 1883 पासून टर्फ मूर मैदानावर खेळतो, इंग्लिश फुटबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक आहे, आणि सामन्याच्या शनिवारी आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. त्याच आजींच्या सांगण्यावरून नवऱ्याने 'बेने अँड हॉट' प्यायली: फ्रेंच बेनेडिक्टीन दारू आणि कढत पाणी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या इथल्या सैनिकांनी ही सवय आणली म्हणतात. नवऱ्याच्या मते ती गूळ घातलेल्या खोकल्याच्या काढ्यासारखी लागते. आणखी एक मागितली, हेही सांगते.

पाहुणे आले की न्यायची जागा म्हणजे बर्नलीलगतच्या हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल, ही कापडाची गिरणी. 1895 ची, वाफेवर चालणारी, 1982 मध्ये बंद पडली, आता संग्रहालय. वर्षभर उघडी नसते, तारखा बघून जा. माझे सासरे इचलकरंजीला आयुष्यभर मागावर. शेडमध्ये तीनशेच्या आसपास लँकेशायर माग ओळीने उभे आहेत. मार्गदर्शकाने त्यांतले काही चालू केले तेव्हा सासरे पुढे झाले आणि मला म्हणाले, "विचार त्याला, धोटा उडाला तर जाळी कुठाय? डोळा जातो माणसाचा." मी दुभाषी. मार्गदर्शक हसला आणि आवाजात ऐकू येत नसे म्हणून इथल्या विणकरणी ओठ वाचून बोलायच्या, ते त्याने करून दाखवलं. सासऱ्यांनी तसंच ओठ हलवून उत्तर दिलं. काय म्हणाले ते मार्गदर्शकाला कळलं नाही. मला कळलं आणि ते इथे छापण्यासारखं नाही. गिरणीच्या वाफेच्या इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांती. त्याच्यापुढे ते इतका वेळ उभे राहिले की मुलगा कंटाळून बाहेर कॅफेत जाऊन बसला.

रोजच्या फिरण्याला कालवा आहे, लीड्स-लिव्हरपूल. गावाच्या मधोमध तो उंच बांधावरून सरळ जातो, त्याला स्ट्रेट माइल म्हणतात. खाली घरांची छपरं आणि पलीकडे पेंडल दिसतो. टाउनली पार्क मोठा आणि फुकट. डिसेंबरात मात्र पावणेचारला अंधार पडतो, आणि पाऊस तर असतोच.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रेल्वेच्या वेळापत्रकाचा कापला, एक ओलीचा आणि गॅसबिलाचा. घरून काम असेल किंवा नोकरी बर्नली-ब्लॅकबर्न पट्ट्यात असेल तर जरूर बघा. घर बघायची वेळ संध्याकाळची मागा, शक्यतो पावसात, आणि एजंट पुढच्या खोलीत बोलत असताना तुम्ही मागच्या भिंतीकडे जा.