मस्टँग दिली, केमन घेतली: बेळगावातून वापरानंतरचा अनुभव

४०१ पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) फोर्ड मस्टँग देऊन ३०० पीएसची पोर्शे केमन घेतली आणि वर पदरचे पैसे घातले, हा व्यवहार आमच्या उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, अजून कुणाला पटलेला नाही. आठ सिलिंडर होते ते चार झाले, पाच लिटरचं इंजिन दोन लिटरवर आलं, चार सीट होत्या त्या दोनच राहिल्या. शेजारच्या शेडमधले मामा म्हणाले, "सगळं निम्मं करून आणलासा की वो, आन् पैसे मात्र जास्त?" गणित त्यांचं बरोबर आहे. पण गेल्या दिवाळीच्या आधी आलेल्या केमनबरोबर आता उसाचा सीझन, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून झाला. विचारणारे अजून विचारतातच, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आधी मस्टँगबद्दल. फोर्डने २०१६ मध्ये ती आपल्याकडे आणली ती एकाच रूपात: ५.० लिटरचं व्ही-एट, सहा गिअरचं ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. अमेरिकेत मस्टँग १९६४ पासून, पण उजव्या स्टेअरिंगची गाडी थेट कारखान्यातून निघायला सहावी पिढी उजाडावी लागली. आमचा धंदा क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) मशीनिंगचा, त्यामुळे या इंजिनाचं कौतुक इतरांपेक्षा जरा जास्तच. क्रॉसप्लेन क्रँक, म्हणजे क्रँकपिन एकमेकींना ९० अंशांत. त्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, अडखळत होतात, आणि तेच अडखळणं एक्झॉस्टमधून गुरगुर होऊन बाहेर पडतं. सकाळी टिळकवाडीत गाडी सुरू केली की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना वेळ कळायची. तक्रार कधी केली नाही त्यांनी, उलट गाडी गेल्यावर "हल्ली आवाज येत नाही" म्हणून विचारून गेल्या.

ती गाडी एकट्या माझी कधीच नव्हती. लग्नाच्या वरातीला मागणी, पोरांना फोटो काढायला मागणी, सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याची "एकदा रेज करा की अण्णा" ही फर्माईश. रात्री दार उघडलं की आरशाखालून जमिनीवर घोड्याचं चित्र पडायचं. नात्यातली पोरं त्या घोड्यावर पाय ठेवायला भांडायची. ज्याला गाडीतून हेच हवं असेल त्याने पुढचं वाचू नये. मस्टँगच घ्यावी, आणि चांगली जपलेली मिळाली तर किंमत वसूल आहे.

अडचण घाटात यायची. आमच्याकडे सरळ रस्ता म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवे, तोही मधे सहापदरीच्या कामात अडकलेला; कुठे डायव्हर्जन, कुठे सर्व्हिस रोड, कुठे मातीचा ढीग. वंटमुरीचा उतार सोडला तर पाय मोकळा करावा असं फारसं उरलेलं नव्हतं. उलट घाट हवा तेवढा. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, शिनोळी-पाटणे फाट्यावरून आंबोली, खानापूर-लोंढ्याकडून अनमोड. रविवारी पहाटे निघालं तर दहाच्या आत घरी येऊन नाश्ता करता येतो. या रस्त्यांवर मस्टँग म्हणजे दाटीवाटीचा कारभार. आरसे सोडून १९१६ मिमी रुंद, बॉनेट लांब, डावीकडची कड कुठे आहे ते अंदाजाने ठरवायचं. दोन वळणांच्या मध्ये ॲक्सिलरेटर जरा दाबला की पुढचं वळण आलेलं असतं, आणि मग पावणेदोन टनांच्या आसपासचं वजन ब्रेकवर. पावसात तर ५१५ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) मागच्या दोन चाकांना, म्हणजे पायाखाली अंडं ठेवल्यासारखं चालवायचं. गाडी वाईट नव्हती. आमच्या रस्त्यावर तिचा एक तृतीयांश वापरायला मिळायचा, बाकीची तशीच शिल्लक राहायची.

बदली करताना ऑडी टीटीही पाहिली. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद, असल्याने पावसाळ्याला उत्तम, पण इंजिन पुढे, आडवं, आणि स्वभाव शहाण्या हॅचबॅकचा. पोर्शेची ९११ बजेटच्या बाहेर. शेवटी मुंबईत एक वापरलेली ७१८ केमन मिळाली: १९८८ सीसीचं टर्बो इंजिन, सात गिअरचा पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि मालकाने सर्व्हिसचे सगळे कागद फाइलला लावलेले. कागद पाहूनच निम्मा निर्णय झाला.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे इंजिन कुठे आहे. केमनमध्ये ते सीटच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे, म्हणजे दोन ॲक्सलच्या मध्ये, सपाट झोपवलेलं. सिलिंडर दोन इकडे, दोन तिकडे, त्यामुळे वजन खालीही आहे. कागदावर हे सगळं माहीत होतं. पण चोर्ल्यात पहिल्या उजव्या वळणावर स्टेअरिंग फिरवल्यावर नाक ज्या चपळाईने आत शिरलं, ते कागदावरून कळत नाही. मस्टँगमध्ये आधी बॉनेट वळायचं, मग मी, मग मागची चाकं; तिघांची पाळी लागायची. इथे सगळं एकदम वळतं. वजन १३६५ किलो, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा साडेतीनशे किलोंच्या आसपास कमी, आणि ते ब्रेक मारताना सगळ्यात जास्त जाणवतं. कणकुंबीच्या पुढे झाडीतली डावी-उजवी-डावी अशी वळणं आहेत. तिथे मस्टँगमध्ये मी दुसऱ्या गिअरमध्ये कुढत जायचो, केमनमध्ये तेवढाच वेग ठेवूनही हात-पाय सतत कामात असतात आणि मजा येते. वेग वाढला नाही, हे मुद्दाम सांगतो. वळणापलीकडे म्हशी असतात, गोव्याला जाणारे ट्रक असतात, तिथे शहाणपणा करायचा नाही.

उसाच्या सीझनमध्ये पीडीकेची खरी किंमत कळली. संकेश्वर-चिकोडीकडे एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाईट नाही, पुढे स्पीकरवर गाणी. समोरचा रस्ता मोकळा दिसतो तो फार थोडा वेळ. केमनचा ३८० न्यूटन मीटर टॉर्क १९५० आरपीएमपासूनच हजर असतो आणि गिअर मागायच्या आत खाली पडलेला असतो. मस्टँगचं ऑटोमॅटिक आधी विचार करायचं, मग दोन गिअर एकदम टाकून गर्जना करायचं. ट्रॅक्टरवाला खूश व्हायचा, माझी छाती धडधडायची. शून्य ते शंभर म्हणाल तर कंपनीचा आकडा ४.९ सेकंद, म्हणजे शंभर घोडे कमी असूनही मागे पडल्यासारखं वाटलं नाही.

आवाजाचं मात्र काही खरं नाही. आधीच्या केमनला सहा सिलिंडर होते. २०१६ मध्ये चार झाले आणि जगभर लोकांनी नाकं मुरडली. पोर्शेने ७१८ हे नाव १९५७ च्या रेसकारवरून घेतलं. त्या गाडीलाही चारच सिलिंडरचं बॉक्सर (समोरासमोर झोपवलेल्या सिलिंडरांचं) इंजिन होतं आणि १९५९ आणि १९६० ची टार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली शर्यत तिनेच जिंकली. इतिहास जोरदार आहे, पण सकाळी थंड इंजिन सुरू केलं की खडखड ऐकून तो आठवत नाही. गरम झाल्यावर, चार हजारांच्या वर, आवाज बरा होतो. बरा म्हणजे बरा. मुलगा पुण्याहून सुट्टीला आला, एकदा ऐकून म्हणाला, "पप्पा, हिला खोकला झालाय."

वर्कशॉपमधल्या दोस्तांची वेगळीच निराशा. सगळे इंजिन बघायला जमले. पुढचं झाकण उघडलं तर बॅग ठेवायची जागा, मागचं उघडलं तर तिथेही बॅग ठेवायची जागा. ऑइल आणि कूलंटची बुचं तेवढी मागच्या डिकीत दिसतात. ऑइल बघायला काडीसुद्धा नाही, स्क्रीनवर पातळी दाखवते. ज्याचे हात आयुष्यभर ऑइलात गेले त्याला हे पटत नाही, मलाही अजून पटलेलं नाही. दोन डिक्या मात्र कामाच्या. पुढे १५० लिटर, मागे २७५. मागची इंजिनाला लागून असल्याने लांबच्या प्रवासात कोमट होते. पुण्याला मुलासाठी कुंदा न्यायचा तर पुढे ठेवायचा, मागे ठेवला तर तुपाचा ओघळ निघतो. टिफिन मागे ठेवावा, पोचेपर्यंत गरम राहतो.

हंपबद्दल सगळे विचारतात. केमन बसकी दिसते म्हणून लोक घाबरतात, पण नुसत्या ग्राउंड क्लिअरन्सवर जाऊ नका. मस्टँगचा व्हीलबेस २७२० मिमी, हिचा २४७५. पुढचं चाक हंपावरून उतरलं आणि मागचं अजून चढलं नाही, त्या वेळी पोट किती खाली येतं हे दोन चाकांमधल्या अंतरावरही ठरतं. त्यामुळे अनगोळ-वडगावच्या घरगुती हंपांवर, जे कुणी एका रात्रीत सिमेंट ओतून केलेले असतात, मस्टँगचं पोट घासायचं तिथून ही तिरकी घेतली की सुटते. पुढच्या बंपरच्या ओठाला मात्र जपावं लागतं; पार्किंगचे उंच दगड आणि पंपावरचा उतार हे तिचे वैरी. खड्ड्यांत मस्टँग जास्त मऊ होती. जांबोटीच्या अलीकडे पावसाळ्यात रस्ता उखडला होता तेव्हा केमनमध्ये पाठीचा एकेक मणका मोजता आला. जुलै-ऑगस्टमध्ये मी चोर्ल्याचं नावच काढलं नाही, आंबोलीकडे जात होतो; तिकडे धुकं आणि वडा-चहावाल्यांची गर्दी, पण रस्ता बरा.

पेट्रोल. मस्टँग गावात चार-पाच द्यायची, हायवेला फार तर आठ. केमन गावात आठच्या आसपास, हायवेला बारा. पोर्शेची शिफारस ९८ ऑक्टेनची आहे, ९५ चालतं. त्याखालचं टाकायचं मनात आणू नका. कोल्हापूरकडे जाताना सीमेच्या अलीकडेच टाकी भरायची ही आमची जुनी सवय, गोव्याहून येताना तिकडे भरायची. पंपावर गंमत होते. हिचं पेट्रोलचं झाकण पुढे, उजव्या चाकाच्या वर. पोरगा नळी घेऊन मागे जातो, गाडीला एक फेरी मारतो आणि मग माझ्याकडे बघतो. आता मीच आधी बोट दाखवतो.

एक गोष्ट गाडी घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि बॅटरी उतरली. बॅटरी पुढच्या झाकणाखाली, आणि ते झाकण विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी पाहिजे. उपाय असा: पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये एक लाल टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला बाहेरच्या बॅटरीचा प्लस लावायचा, मायनस दाराच्या लॉकच्या धातूच्या कडीला. मग झाकण उघडतं, आणि बहुतेक वेळा अलार्मही बोंबलतो, त्याची तयारी ठेवा. तेव्हापासून गॅरेजमध्ये छोटा चार्जर कायम लावलेला आहे.

सर्व्हिस ही खरी डोकेदुखी. बेळगाव नकाशात मुंबई आणि बेंगळुरूच्या बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडून सारखंच लांब. एकदा गाडी फ्लॅटबेडवर पाठवली, आणि ज्या वर्कशॉपला दिली त्यांनी "उद्या, परवा" करत आठवडा घालवला. फोन मात्र बिलाचाच वेळेवर आला. आता मी स्वतःच चालवत नेतो, तिथेच थांबतो आणि त्याच मुक्कामात धंद्याची चार कामं उरकतो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केल्यापासून मस्टँगच्या सुट्या भागांची धाकधूक असायची, तेवढी तरी गेली. तसं बघितलं तर पेट्रोल केमनही युरोपियन युनियनमध्ये २०२४ पासून नवी मिळेनाशी झाली आहे.

बाहेरच्या राज्यातून गाडी आणणाऱ्यांसाठी: एनओसी, रि-रजिस्ट्रेशन आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स आधी हिशोबात धरा. २० लाखांवरच्या नव्या गाडीला तो १८ टक्के, वर सेस. जुन्या गाडीला वयाप्रमाणे उतरतो, तरी आकडा बघून खुर्ची धरावी लागते. "एमएच नंबरवरच फिरवा की" हा सल्ला सीमाभागात फुकट आणि भरपूर मिळतो. मी ऐकला नाही. कोल्हापुरात केए बघून अडवतात, बेळगावात एमएच बघून, तर निदान घरच्या गावात तरी सुखाने फिरावं.

घरात मत विभागलेलं आहे. आई एकदाच बसली आणि उतरताना दोघांनी हात धरावे लागले. तिच्यासाठी इनोव्हा आहेच. बायको मात्र खूश. मस्टँगच्या मागच्या सीट नावापुरत्या होत्या, पण त्या दिसायच्या, त्यामुळे कुठलाही पाहुणा "आम्ही बसतो की मागं, चालतंय" म्हणून आत शिरायचा. आता आंबोलीला दोघंच जातो.

मागचे टायर बदलायला आले आहेत. पुढे २३५, मागे २६५, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची सोय नाही, आणि स्टेपनी नाही, नुसता पंक्चर भरायचा किट. इथल्या दुकानात हा साइज नसतो. पुण्याहून मागवलेत, दुकानदार पंधरा दिवस म्हणतो. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत बसले म्हणजे झालं.